पाच जणांचं अंदमान: वहीतल्या नोंदी

१४ जानेवारी
संक्रांतीचं वाण आवरून रात्री वही उघडली. ऑफिसात हिशेबाचं काम करते म्हणून घरचे प्रकल्पही माझ्याच गळ्यात. आजवर आमची सहल म्हणजे गुहागरला मामेसासऱ्यांचं घर, नाहीतर शिर्डी आणि परत. पाच जण मिळून विमानाने कुठेच गेलेलो नाही. मी, नवरा, मुलगी ११, मुलगा ६ आणि सासूबाई ६८.

मुलांना बेट हवं, निळं पाणी हवं. नवऱ्याला बाली हवं होतं, पण सासूबाईंचा पासपोर्टच नाही, त्यामुळे तो विषय दोन मिनिटांत संपला. सासूबाईंचं माहेर भगूर, सावरकरांचं गाव. त्या म्हणाल्या, "मला फक्त ती कोठडी दाखवा, बाकी तुम्ही कुठेही लोळा." म्हणजे अंदमान. बजेट ठरवलं १,८०,०००. हा आकडा मी कुठल्या आधाराने लिहिला, ते आज मलाही सांगता येणार नाही.

१९ जानेवारी
कधी जायचं, यावर चार-पाच दिवस गेले. दिवाळीची सुट्टी मोठी असते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. वादळी हवा असली की बोटी बंद. नाताळात सुट्टी जेमतेम आणि भाडी चढलेली. उरला उन्हाळा. दरवर्षी मेमध्ये "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण चातकासारखी वाचतो. तिथे जाणाऱ्यासाठी मात्र तीच शेवटची तारीख. म्हणून एप्रिल. परीक्षा संपल्या की १९ ला निघायचं.

२ फेब्रुवारी
मोठी चूक याच दिवशी केली. तेव्हा ती चूक वाटली नव्हती.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या एका रिसॉर्टचे फोटो पाहिले. नारळ, झोपाळा, पायरीपर्यंत आलेलं हिरवं-निळं पाणी. दोन खोल्यांचे मिळून रात्रीला ७,८००, नाश्त्यासह. "रद्द केल्यास परतावा नाही" असं घेतलं तर स्वस्त पडत होतं. तीन रात्रींचे २३,४०० भरून मोकळी झाले. विमानाचं तिकीट नाही, बोटीचं नाही, आणि खोली मात्र पक्की. लग्नाची तारीख ठरायच्या आधी आइस्क्रीमवाल्याला इसार द्यावा तसं.

९ फेब्रुवारी
विमान. मुंबईहून चेन्नईमार्गे माणशी जाऊन-येऊन २१,४००, पाच जणांचे १,०७,०००. सहा वर्षांच्या मुलालाही पूर्ण भाडं, हे डोक्यातच नव्हतं. अर्ध्याहून जास्त बजेट इथेच संपलं.

नावांचा गोंधळ लक्षात ठेवा. विमान जिथे उतरतं त्या राजधानीचं, पोर्ट ब्लेअरचं, नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. काही ठिकाणी जुनं नाव दिसतं, काही ठिकाणी नवं. नवरा तासभर "पोर्ट ब्लेअर" शोधून "उड्डाणच नाही" म्हणत बसला होता. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात, मीही तीच लिहिणार आहे.

१६ फेब्रुवारी
बोटींचं कोष्टक मांडलं आणि २ तारखेची चूक समोर आली. विमान अकराच्या सुमारास उतरतं, हॅवलॉकची दुपारची बोट दोनला. कागदावर छान बसतं. ऑफिसमधली एक मैत्रीण गेल्या वर्षी जाऊन आली आहे. ती म्हणाली, "चेन्नईला विमान दोन तास लेट झालं तर बोट तुझ्यासाठी थांबणार आहे का?" जेटीवर बरंच आधी हजर राहावं लागतं, सामान तपासतात, लहान मुलांसकट प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. म्हणजे पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. आणि रिसॉर्टची पहिली रात्र मी त्याच दिवसापासून भरलेली. ७,८०० बुडाले.

परतीचाही तोच न्याय. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी सकाळी बेटावर नसावं. म्हणून शेवटची रात्रही पोर्ट ब्लेअर. नवऱ्याचं म्हणणं, "सहा रात्रींतल्या दोन नुसत्या वाट बघण्यात?" मी म्हटलं, हो.

खाजगी बोट पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक सुमारे दीड तासात पोचते. सरकारी स्वस्त, पण वेळ जास्त आणि तिकिटाची खात्री कमी. खाजगीच घेतली. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक, हॅवलॉक-नील, नील-पोर्ट ब्लेअर, पाच जणांचे २२,३००.

१० मार्च
शाळेच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. मुलीचा शेवटचा पेपर आमच्या परतीच्या विमानाच्या दिवशी. ग्रुपवर रडारड, कुणाचं केरळ, कुणाचं सिमला. "पेपर बुडवू" असं नवरा म्हणाला आणि सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषयही संपला.

तारखा पुढे ढकलल्या, २७ एप्रिल ते ३ मे. विमानाचा बदल-आकार आणि भाड्यातला फरक मिळून १८,५०० गेले. बोटवाल्यांनी तारीख विनातक्रार बदलली. रिसॉर्टला फोन करताना घशाला कोरड पडली होती, पण तिथला माणूस भला निघाला. ४,५०० जास्त घेऊन तारखा बदलून दिल्या आणि मी त्यातच पहिली रात्र एक दिवस पुढे सरकवली. बुडालेले ७,८०० असे मागच्या दाराने परत आले. परिपत्रकाचे तेवढे उपकार.

परीक्षेची तारीख हातात आल्याशिवाय एप्रिलची तिकिटं काढू नका. आम्ही सगळे दरवर्षी काढतो.

२३ मार्च
स्नॉर्केलिंगचे, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखाली बघायचे, मास्क आणले, एक ६५० चा आणि एक लहान ५०० चा. बाथरूममध्ये बादलीत चाचणी. मुलीच्या मास्कमध्ये पाणी, कारण केसांची बट रबराखाली अडकत होती. अंबाडा घालून बसवल्यावर ठीक. नवऱ्याच्या मास्कमध्येही पाणी, कारण मिशी. रबर कातडीला चिकटायला हवं, मिशीवर चिकटत नाही. तो म्हणाला, काढून टाकतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण गेलंय म्हणून मिशी काढतोस?" मग मिशीला व्हॅसलिन फासून पुन्हा बादलीत तोंड. पाणी जवळजवळ थांबलं. मुलाने बादलीत तोंडच घालायला नकार दिला. (नंतरची भर: त्याला तरणतलावावर महिनाभर घातलं, पोहणं आलं नाही, पण भीती निम्मी झाली.)

१२ एप्रिल
खाण्याची तयारी. सासूबाई अंडंही खात नाहीत. मेतकूट, भाजणी, खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणि लहान विजेची किटली. डॉक्टरांकडून बोट लागू नये म्हणून गोळ्या, मुलांचं प्रमाण वेगळं लिहून घेतलं. रोख २०,००० वेगळे ठेवले. बेटावर एटीएम मोजकी आहेत आणि फोनवरून पैसे देणं रेंजच्या लहरीवर.

बाराटांग बेट नवऱ्याच्या यादीत होतं, मी काढलं. पहाटे निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. तो नियम बरोबरच आहे. पण माणसांच्या घरातून काचा लावून जाण्यात मला सहल दिसेना, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्यासाठी रात्री उठवण्यात तर मुळीच नाही.

२६ एप्रिल
उद्या अमावास्या, हे सासूबाईंना आज कळलं. तिकीट बदलायला आणखी १८,००० नाहीत, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे त्यांची पिशवी सकाळीच शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली. प्रस्थान ठेवलं, म्हणजे प्रवास आजच सुरू झाला. दुपारी पिशवी उचलून कसारा घाट उतरून ठाण्याला नणंदेकडे मुक्काम. गाडीचे येऊन-जाऊन ७,०००.

२७ एप्रिल
विमान चेन्नईहून पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. दोनची बोट मिळाली असती की नाही, देव जाणे. हॉटेलात मी वरण-भात गिळताना पहिल्यांदा निवांत होते.

तीनला सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं. पाकळ्यांसारख्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिना चढताना सासूबाईंचे गुडघे दोनदा थांबले. मी म्हटलं, खालूनच नमस्कार करा. त्यांनी उत्तर दिलं नाही. वर पोचायला वीस मिनिटं लागली. सावरकर इथे १९११ ते १९२१, आणि त्यांचे थोरले भाऊ बाबारावही याच तुरुंगात. खाली अंगणात कोलू ठेवलाय. माणसाला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढायचं. मुलाने दांडा ढकलून पाहिला आणि गप्प झाला. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली, त्यात भगूरच्या घरापुढची चिमूटभर माती होती. कोठडीच्या उंबऱ्याशी ठेवली. हे त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढली नव्हती. हिंदीचा खेळ भरलेला. तिकिटं घरूनच काढून ठेवा.

२८ एप्रिल
बोट सकाळी आठची. गोळी मी स्वतः घ्यायला विसरले. बाकी चौघे मजेत, मी पिशवीत तोंड घालून. बंद काचा, एसी आणि मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी तळलेला नाश्ता. बसायला मधली खालची जागा घ्या, पुढची नको. पुढे बोट जास्त उडते.

साडेदहाला रिसॉर्ट. फोटो खरा होता! पाणी अगदी पायरीशी, मुलं धावली. खोली बाराला मिळणार, आधी कपडे, आधी जेवण, असं करत मी त्यांना अडीचपर्यंत थोपवलं. अडीचला बाहेर आलो तर समुद्र गेलेला. जिथे पाणी होतं तिथे खडक, मेलेलं प्रवाळ आणि चिखल. पाणी लांब चकाकत होतं. मुलगा म्हणाला, "आई, कुणी बंद केला?"

तर हे. हॅवलॉकच्या पूर्वेकडचे किनारे, तीन नंबर आणि पाच नंबर, उथळ आणि खडकाळ आहेत. बहुतेक रिसॉर्ट तिकडेच आहेत. भरतीला स्वर्ग असतो, ओहोटीला त्यात पायही बुडत नाही. त्यात अमावास्या कालच झालेली, म्हणजे उधाण, ओहोटी आणखी लांब. फोटो काढणारा दहा वाजता आला असणार. रिसॉर्ट घेताना "किनाऱ्याला लागून आहे का" हे मी तीनदा विचारलं होतं. "ओहोटीला पोहता येतं का" हे एकदाही नाही.

दुसरी चूक लगेच. राधानगरचा सूर्यास्त बघायचा म्हणून पाचला गाडी सांगितली. नाशिकला एप्रिलअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. इथे घड्याळ तेच, पण जागा कितीतरी पूर्वेला. साडेपाचला पोचलो तेव्हा सूर्याची शेवटची कड पाण्यात जात होती. दहा मिनिटांनी जीवरक्षकांनी शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढलं. सहाला अंधार. गाडीचे १,२०० देऊन आम्ही पार्किंगमधलं शहाळं पिऊन परत आलो.

२९ एप्रिल
वेळापत्रक उलटं केलं. सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, मग आपणही. साडेआठला जेटीवरून एलिफंट बीचची बोट. उथळ पाण्यातच प्रवाळ आणि मासे. वाटाड्या एका टायरला धरायला लावतो आणि स्वतः ओढत नेतो, पोहता येण्याची गरज नाही. मिशी-व्हॅसलिन जमलं. मुलगा टायरवर, तोंड बाहेर, दहा मिनिटं. मग अचानक त्याने स्वतःहून मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि नळीतूनच ओरडला. काय ओरडला ते कुणाला कळलं नाही. पट्ट्यापट्ट्यांचा मासा होता म्हणे. खर्च ६,२००, वसूल.

सासूबाई रिसॉर्टवर थांबल्या होत्या. झाडाखाली वाळूत बसून जप, आणि परत आलो तर पायांवर तीसेक लाल ठिपके. वाळूतल्या डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या माश्या. डासांचं मलम फारसं चाललं नाही. स्वयंपाकघरातल्या बंगाली मावशींनी खोबरेल चोपडायला सांगितलं, ते चाललं. या मावशींचं घर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचं. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर. सासूबाई खूश. भाषा एकमेकींची येत नाही, पण संध्याकाळी दोघी मेतकूट-भातावर चर्चा करत होत्या.

दुपारी अडीचला राधानगर. पश्चिमेचा किनारा, मऊ वाळू, ओहोटीतही पोहता येतं. तीन तास मुलं पाण्याबाहेर आली नाहीत. एका टोकाला नील्स कोव्हकडे मगरींचा इशारा देणारा फलक आहे. तो शोभेचा नाही, २०१० मध्ये तिथे एका पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला होता. तिकडे गेलो नाही.

३० एप्रिल
आज काहीच ठरवलं नव्हतं, हा सगळ्यात चांगला दिवस.

फक्त एक प्रयोग फसला. सासूबाईंना कोकणातला हिशेब पाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती. मुलं कपडे काढून दोनला तयार, आणि पाणी तर उतरायला लागलेलं! भरती दुपारच्या आधीच होऊन गेली होती. हिशेब आपल्या किनाऱ्याचा, बंगालच्या उपसागराला त्याचं काय. त्या म्हणाल्या, "इथला चंद्र वेगळा आहे." जेटीवर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

१ मे
नील. लहान, सपाट, शेतांचं बेट. लिहिण्यासारखं फारसं नाही, सायकली भाड्याने घेतल्या आणि मुलगी खूश झाली. राहायचे दोन खोल्यांचे ६,४०० दिले, तेवढ्याची खोली नव्हती.

२ मे
दगडी कमान फक्त ओहोटीला गाठता येते, म्हणून सकाळी साडेसहाला. खडकांवर शेवाळ, सपाता घातलेले दोन जण आमच्यासमोर पडले. पट्ट्याच्या सँडल हव्यात. सासूबाईंना वाटेवरच खुर्चीत बसवलं.

दुपारी आभाळ काळं, वारा सुटला, आणि परतीची बोट दोन तास निघालीच नाही. जेटीवर एक जोडपं रडकुंडीला आलेलं, त्यांचं विमान त्याच संध्याकाळी होतं असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात विमान दुसऱ्या दिवसाचं निघालं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि "त्या दोन रात्री बरोबर होत्या" असं म्हणाला. हे तारखेसह इथे लिहून ठेवते. यावेळी गोळी घेतली होती.

३ मे
हॉटेलात बॅगा भरताना मुलाच्या खिशातून अकरा शंख-शिंपले आणि प्रवाळाचा एक तुकडा निघाला. नेता येत नाही, विमानतळावर सामान तपासून काढून घेतात. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी सासूबाई त्याला घेऊन गेल्या आणि दोघांनी मिळून ते पाण्यात सोडले. विसर्जन म्हटल्यावर त्याला पटलं.

६ मे
हिशेब. विमान १,०७,०००, तारीख बदल १८,५००, रिसॉर्ट २३,४०० अधिक ४,५००, पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री १०,४००, नील ६,४००, बोटी २२,३००, तिकडच्या गाड्या १३,८००, जेवण १९,६००, स्नॉर्केलिंग ६,२००, किरकोळ ५,४००, ठाण्यापर्यंतची गाडी ७,०००. एकूण २,४४,५००. बजेटच्या वर ६४,५००, त्यातले २३,००० नुसते तारखा बदलण्याचे.

१४ मे
सकाळी सासूबाईंनी पेपर वाचून दाखवला, मान्सून अंदमानात दाखल. मुलगा दूध पिता पिता थांबला आणि विचारलं, "म्हणजे आता त्या कोठडीजवळची आजीची माती भिजणार?"
"भिजू दे," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.